पाण्याची साक्ष
न्यूझीलंडांतील एक सुमारें ५ मिलिमीटरांची गोगलगाय १९८७ सालीं अमेरिकेंत, आयडाहो संस्थानांतील स्नेक नदींत, आढळली. ह्या जातीची मादी नरावांचून प्रजा निर्माण करूं शकते. तेव्हां एकीचा शिरकावही नव्या वसाहतीस पुरे. वस्ती विरळ असतां डोळ्यांस चुकते, आणि पसरल्यावर वाहत्या नदींतून तिचा उच्छेद जवळजवळ अशक्य होतो. ह्या पेंचावर २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तोड दाखविली : पाणी गाळून त्यांत प्राण्याच्या देहांतून सुटलेला डीएनए शोधावा. परंतु प्रवाह हा अंश दूर वाहून नेतो, आणि प्राणी जिवंत कीं मृत हें त्यावरून कळत नाहीं. म्हणून ही साक्ष आम्ही इशारा मानतों, निकाल नव्हे; स्थळाची खात्री न करितां धांवणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं!