कठीण पोलाद नेहमीच भरवशाचे नसते

पंपाचा दांडा, झडपेचा दांडा, विमानातील जोडण्या किंवा समुद्राच्या पाण्यात फिरणारी यंत्रसामग्री अशा ठिकाणी पोलाद गंजू नये आणि मोठा भारही पेलावा, अशा दोन्ही अपेक्षा असतात. भांड्यांसाठी वापरले जाणारे ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील पहिली अपेक्षा पुरी करते; परंतु ते भट्टीत घालून कठीण करता येत नाही. सुऱ्यांची पाती ज्यापासून बनतात ते पोलाद कठीण होते, पण गंजापुढे लवकर हार मानते. या दोहोंमधली उणीव अवक्षेपण कठिनीकरणाच्या स्टेनलेस स्टीलने भरून काढली. त्यातील सर्वाधिक वापरात असलेली जात म्हणजे '१७-४ पीएच'. तीत सुमारे १७ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल आणि ३ ते ५ टक्के तांबे असते. अमेरिकेतील आर्मको कंपनीने ही जात १९४०च्या दशकात विकसित केली.

हिचे सारे मर्म तांब्यात आहे. पोलाद सुमारे १०४० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की तांबे त्यात विरघळते. ते त्वरेने थंड केल्यास तांब्याला बाहेर पडण्यास सवड मिळत नाही व ते अडकून राहते. या अवस्थेला 'कंडिशन ए' म्हणतात. त्यानंतर ४८० ते ६२० अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवले असता तांब्याचे अतिसूक्ष्म कण वेगळे होतात आणि धातूच्या स्फटिकांतील थरांना एकमेकांवर सरकू देत नाहीत. कण बारीक व दाट असताना बळ सर्वाधिक असते. तापमान वाढवत गेल्यास ते जाड होतात, बळ घटते आणि चिवटपणा वाढतो.

ही निरनिराळी संस्करणे 'एच' या अक्षरापुढे आकडा लिहून ओळखली जातात. मात्र तो आकडा फॅरनहाइटमधील तापमानाचा असतो, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एच ९०० म्हणजे ४८२ अंश सेल्सियसला एक तास. एच १०२५ म्हणजे ५५२ अंशांना चार तास. एच ११५० म्हणजे ६२१ अंशांना चार तास. आपल्याकडील भट्ट्या सेल्सियसमध्ये चालतात. तेथे कुणी ९०० हा आकडा तसाच लावला तर आधीचे सारे संस्करण वाया जाते.

एच ९०० स्थितीत किमान ताणबल १३१० मेगापास्कल आणि कठिनता रॉकवेल सी ४० मिळते. एच ११५० मध्ये हेच आकडे ९३० आणि २८ असे उतरतात. नवख्या आरेखकाला साहजिकच पहिला पर्याय मोहात पाडतो. चूक होते ती येथेच. कांबींसाठीच्या एएसटीएम ए ५६४ या मानकात एच ९०० साठी आघात सहन करण्याची कोणतीही किमान हमी दिलेली नाही. एच १०२५ साठी ती २० ज्यूल, तर एच ११५० साठी ४१ ज्यूल आहे. बसणाऱ्या धक्क्यांनी, थंडीने किंवा खाऱ्या पाण्यातील ताणाने असा अतिकठीण भाग कोणतीही पूर्वसूचना न देता तडकू शकतो. म्हणून झीज हे मुख्य संकट असेल आणि वातावरण कोरडे असेल तरच एच ९०० निवडावे. समुद्री व आघाताच्या कामासाठी एच १०२५ किंवा त्याहून वरचे संस्करण बरे. हायड्रोजन सल्फाइडयुक्त तेल-वायूच्या कामात तर एच ११५० दोनदा, अथवा आधी ७६० अंशांना तापवून केलेले एच ११५०-एम हेच स्वीकारले जाते आणि कठिनता ३३ च्या वर जाऊ दिली जात नाही. कोणतेही संस्करण केले तरी सुमारे ३०० अंशांच्या वर दीर्घकाळ वापरल्यास हे पोलाद ठिसूळ होते.

कंडिशन ए मधील कांब तशीच वापरणे हा आणखी एक धोका. ती अवस्था ठिसूळ असते. परंतु तिची कठिनता एच १०७५ च्या जवळपासच भरते. त्यामुळे केवळ कठिनता मोजून भट्टीत काय झाले हे कळत नाही. भट्टीचा तापमान-आलेख मागवावाच लागतो. शिवाय प्रथम संस्करणानंतर भाग ३२ अंशांच्या खाली थंड व्हावा लागतो, अन्यथा अंतर्गत बदल अपुरा राहतो. विदर्भातील मे महिन्यात नुसत्या हवेवर ते साधणे अवघड आहे. बाजारातील कांब बहुधा या अवस्थेतच येते, म्हणून ही अडचण पुन्हा उच्च तापमानाचे संस्करण करणाऱ्यांनाच भेडसावते.

मापाचाही विचार आधीच करावा. एच ९०० मध्ये १०० मि.मी. लांबीचा भाग ०.०४ ते ०.०६ मि.मी. आकसतो, एच ११५० मध्ये सुमारे ०.१ मि.मी. त्यामुळे अचूक भागांना ग्राइंडिंगसाठी धातू राखून ठेवतात. शंका असल्यास कमी तापमानापासून सुरुवात करणे हिताचे. कारण एच ९०० केलेला भाग नंतर एच १०२५ पर्यंत नेता येतो, पण उलट दिशेने परतायचे तर पुन्हा १०४० अंशांपासून सारे करावे लागते, आणि तयार भागावर खपली धरते व तो वाकतो. आरेखनावर 'कठीण करावे' एवढेच लिहिण्याऐवजी संस्करणाचे नाव, सेल्सियसमधील तापमान, वेळ आणि कठिनतेची खालची-वरची मर्यादा नोंदवावी.