ट्रान्सक्रिप्टमधून मी काढून टाकलेली वीस सेकंदं

माझं एम.एस्सी. प्राणिशास्त्रातलं. त्यामुळे पीएच.डी.साठी शहरातल्या वस्त्यांवरचे माहितीपट हा विषय घेतला, तेव्हा डोक्यात एक गोष्ट पक्की होती: निरीक्षण करणाऱ्याने होता होईल तेवढं अदृश्य राहायचं. पहिल्याच फील्डवर्कमध्ये या समजुतीला तडा गेला. पुण्यातल्या एका वस्तीत मोबाईल स्टँडवर लावून एका मावशींशी बोलत होते. त्या मूळच्या वेल्ह्याच्या (सरकारदरबारी आता राजगड तालुका), मी भोरची, त्यामुळे गप्पा रंगल्या होत्या. रेकॉर्डिंग सुरू असताना त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझी डिग्री व्हईल गं, माझं काय व्हईल?" मी ओशाळून हसले. घरी येऊन ती वीस सेकंदं ट्रान्सक्रिप्टमधून काढून टाकली. विषयाशी संबंध नाही, असं स्वतःला सांगितलं.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर लवकरच तुमच्यावरही ही वेळ येणार आहे. म्हणून त्यामागचा इतिहास थोडा सांगते.

शहरातला गरीब माणूस थेट कॅमेऱ्यात बघून स्वतःच्या घराविषयी बोलतोय, याचं गाजलेलं जुनं उदाहरण म्हणजे १९३५चा 'हाउसिंग प्रॉब्लेम्स'. आर्थर एल्टन आणि एडगर अॅन्स्टी यांनी लंडनच्या स्टेपनी भागात तो केला. ओल, उंदीर, ढेकूण, सगळं लोक स्वतःच्या तोंडाने सांगतात. पण पैसा गॅस उद्योगाचा होता, आणि फिल्म शेवटी नव्या, गॅसची सोय असलेल्या घरांकडे जाते. त्यात रहिवासी उत्तरं देतात. प्रश्न मात्र विचारत नाहीत. (कुठलाही माहितीपट बघताना पैसे कोणी दिले, हे आधी शोधा. निम्मं विश्लेषण तिथेच होतं.)

पुढे फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ जाँ रूश यांनी एक वेगळी वाट काढली. १९५४ साली त्यांनी नायजरमधल्या तीन तरुणांसोबत 'जग्वार' चित्रित केला. हे तिघे कमाईसाठी चालत चालत गोल्ड कोस्टच्या शहरांत जातात, तिथे कामं करतात आणि गावी परततात. चित्रीकरणात आवाज नव्हता. म्हणून रूश यांनी त्यांनाच ती दृश्यं दाखवली आणि बघता बघता ते जे बोलले, तेच फिल्मचं निवेदन झालं. फिल्म पूर्ण होऊन लोकांसमोर यायला १९६७ उजाडलं.

'जग्वार' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमच्याकडची माणसंच दिसली. लावणी उरकली की मुंबई, पुन्हा जत्रेला गाव. आमच्या दोन्ही तालुक्यांत हे कितीतरी घरांत चालत आलंय. आणि बघा, माणसांसारखंच इथलं पाणीही बाहेर गेलं. भोरचं भाटघर धरण १९२७ साली पूर्ण झालं, त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे जातं. वेल्ह्यातल्या पानशेतचं पाणी पुण्याला. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा पुण्यात काय झालं हे सगळ्यांना पाठ आहे. त्या धरणाखाली वेल्ह्यातली कोणाची शेतं गेली, हे पुण्यात किती जणांना सांगता येईल?

वस्तीवरच्या बऱ्याच फिल्म्सबद्दल माझी तक्रार इथेच आहे. त्या झोपडीपासून सुरू होतात. जणू तो माणूस फूटपाथवरच उगवला.

आता आपल्याकडची फिल्म. जुलै १९८१मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फूटपाथवासीयांना हटवून आपापल्या गावी परत पाठवण्याचा आदेश दिला. 'गावी परत', हे शब्द लक्षात ठेवा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ला आला: उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं, आणि रीतसर हटवायला परवानगीही दिली. त्याच वर्षी आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' आला. झोपड्या पाडल्या जाताना आणि शहराच्या सुस्थितीतल्या लोकांची त्यावरची मतं, दोन्ही त्यात शेजारी शेजारी आहेत.

त्यात एक बाई आहे. घर पाडलं गेलंय, आणि ती संतापून थेट कॅमेऱ्यामागच्या माणसांवरच उलटते. गरिबांचे फोटो काढून तुमचं नाव होईल, आमच्यासाठी तुम्ही करणार काय, असा तिचा सूर. पटवर्धनांनी ते दृश्य फिल्ममध्ये ठेवलं. हे मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या लॅपटॉपवर, रात्री, आणि मला माझी वीस सेकंदं आठवली. खरं सांगते, पॉज करून उठलेच.

ते दृश्य ठेवलं म्हणून दिग्दर्शकाची सुटका झाली, असं मी म्हणणार नाही. पण 'हमारा शहर'चं पुढे काय झालं तेही बघा. त्यात गाणारे शाहीर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. चारच दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन पुन्हा कॅमेरा घेऊन गेले, १४ वर्षं चित्रीकरण करत राहिले, आणि २०११ला 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाला. एका फिल्ममध्ये गाणाऱ्या माणसाच्या मृत्यूमुळे दुसरी सुरू झाली. आपल्या फील्डवर्कला साधारण सहा महिने मिळतात, हा भाग वेगळा.

मी ट्रान्सक्रिप्टमध्ये ती वीस सेकंदं परत घातली, माझ्या ओशाळ्या हसण्यासकट. तुम्हीही स्वतःचे प्रश्न, अडखळणं, समोरच्याचा राग लिहून ठेवा. प्रबंधात कुठे बसवायचं ते नंतर बघता येतं. खोडलेलं मात्र पुन्हा आठवत नाही. माझ्याकडे मूळ फाईल होती म्हणून निभावलं.

नंतर मावशींच्या सांगण्यावरून ते रेकॉर्डिंग वेल्ह्यात त्यांच्या भावाच्या घरी दाखवलं. घरातले सगळे मोबाईलभोवती बसले होते. "माझं काय व्हईल"ला सगळे हसले, वहिनी सोडून. संपल्यावर भाऊ म्हणाले, "हिनं गावाचं नाव कसं नाही घेतलं कुठं?"

घेतलं होतं. गावाविषयीचं सगळं बोलणं आमचं झालं होतं, मी मोबाईल स्टँडवर लावायच्या आधी.