छप्पर, शाळा आणि पालक

जेवण, कपडे आणि छप्पर दिले की निर्वासित मुलाचे भागते, अशी आपली समजूत असते. आईबापांविना परक्या मुलखात आलेल्या मुलाला तेवढे पुरत नाही, हे बालाचडी आणि वळिवडे येथील पोलिश छावण्यांच्या इतिहासावरून कळते. सप्टेंबर 1939 मध्ये सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या आणि पुढच्या वर्षी लाखो पोलिश नागरिकांची सायबेरिया, कझाकस्तानात रवानगी झाली. 1941 मध्ये सुटका झाली, पण उपासमार आणि रोगराईने असंख्य मुले पोरकी झाली होती. 1942 मध्ये नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अशा मुलांसाठी बालाचडीला समुद्राकाठी छावणी उभारली. 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे 5,000 पोलिश लोक आले, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलेच होती.

या छावण्यांत पोलिश भाषेतली शाळा होती, प्रार्थनाघर होते, बालवीरांची पथके होती. मुलांना स्थानिक समाजात मिसळू द्यायला हवे होते, असे कोणी म्हणेल. पण घरदार गेलेल्या मुलाकडे भाषा हीच शेवटची मिळकत उरते. ती काढून घेणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोरके करणे. युद्धानंतर या मुलांना सोव्हिएत वर्चस्वाखालच्या पोलंडमध्ये परत पाठवण्याचा प्रश्न आला, तेव्हा बालाचडीच्या मुलांचे कायदेशीर पालकत्व घेतले गेले आणि सक्तीची पाठवणी टळली. दयेला कायद्याचे बळ मिळाले, म्हणून ती टिकली.

याहून बोचरा आक्षेप असा की 1943 मध्ये बंगालमध्ये आपलीच मुले भुकेने मरत होती. ते खरे आहे आणि विसरण्याजोगे नाही. पण वळिवड्याचा खर्च लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारने उचलला, बालाचडीला संस्थानिकांच्या देणग्यांचा आधार होता. बंगालच्या मुलांचा घास या मुलांनी हिरावला नाही. तो राज्यकर्त्यांच्या बेपर्वाईने हिरावला गेला. इच्छा असली तर काय करता येते, हेच वळिवड्याने दाखवले.

1948 मध्ये वळिवड्याची छावणी बंद झाली. त्याच जागी फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबे वसली. आजचे गांधीनगर ते हेच.