हाक आणि उत्तर

धार जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या निसरपूर गावात २०१९ साली सरदार सरोवराचे पाणी शिरले आणि जुनी वस्ती बुडाली. अशा वेळी देव काय करतो, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. हिब्रू धर्मग्रंथांनी त्याला एकच उत्तर दिलेले नाही.

‘निर्गम’मध्ये मिसरातील दासांचा आक्रोश देव ऐकतो, पूर्वजांशी केलेला करार आठवतो, त्यांची दशा पाहतो, आणि सुटकेसाठी मोशे या कचरणाऱ्या मेंढपाळाला फारोकडे धाडतो. ‘ईयोब’मध्ये निरपराध मनुष्य न्याय मागतो. वावटळीतून देव बोलतो, परंतु दुःखाचे कारण सांगत नाही, उलट प्रश्नच विचारतो. दुःख म्हणजे पापाचे फळ, असे ठासून सांगणाऱ्या मित्रांवर मात्र तो रुष्ट होतो. ‘विलापगीता’त इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास उद्ध्वस्त झालेले जेरुसलेम रडते आणि ग्रंथाचा शेवट उत्तराविनाच होतो.

हे ग्रंथ मूळ हिब्रूवरून मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) हे तिन्ही अनुभव घेतले होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण गेली. व्रते, दाने, तीर्थाटन करूनही देव मौनच राहिला होता. पुढे त्यांनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यायचे ते हे, की १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना आश्रयास घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन अशा निराधारांनी भरले. बायबलचे त्यांचे भाषांतर निधनानंतर, १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.

दुष्काळाचे कारण रमाबाईंना ठाऊक असेल वा नसेल. भुकेल्या मुलींना कारण नको होते, अन्न हवे होते. ईयोबाच्या मित्रांकडे कारणे पुष्कळ होती. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तेवढेच त्यांचे खरे सांत्वन. मोशेच्या कथेत तर ऐकणारा देव उत्तर म्हणून माणसालाच पाठवतो. हाक ऐकली गेली की नाही, याची खूण बहुधा आकाशात शोधायची नसते. ती कोण उठून निघाले, यावरून कळते.