रसकापूर आणि ग्रंथरक्षण

रसकापूर हें नांव जुन्या वैद्यकग्रंथांच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. परंतु या एकाच नांवाखालीं पाऱ्याच्या दोन निरनिराळ्या क्षारांची गल्लत झालेली आढळते. पैकीं कॅलोमेल हा पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तरी तोही निर्दोष नव्हे. इंग्लंडांत मुलांच्या दांतांच्या पुडींत तो घालीत. पुढें १९४८ सालीं एका बालरोगाशीं पाऱ्याचा संबंध उघडकीस आला. दुसरा क्षार मर्क्युरिक क्लोराइड. तो पाण्यांत विरघळतो आणि त्याची एकदोन ग्रॅमची मात्राही प्राणघातक ठरूं शकते. म्हणून बाडांतील केवळ नांवावरून द्रव्याचा निर्णय करूं नये. कृति व घटक पाहूनच तो करावा.

ग्रंथसंग्राहकांस या दुसऱ्या क्षाराचें महत्त्व निराळ्या कारणानें आहे. किडीस व बुरशीस तो मारक असल्यामुळें यूरोपांत त्याचा उपयोग रक्षणासाठीं होऊं लागला. लंडनच्या लिनीअन सोसायटीचे संस्थापक जेम्स एडवर्ड स्मिथ यांनीं १८०७ च्या आपल्या ग्रंथांत वाळविलेल्या वनस्पतींस तो मद्यार्कांत मिसळून लावण्याची शिफारस केली. १८३२ सालीं कायन यांनीं लांकूड कुजूं नये म्हणून याच क्षाराच्या प्रक्रियेचें पेटंट घेतलें. पुस्तकबांधणीच्या खळींतही तो टाकीत. क्यू येथील वनस्पतिसंग्रहांत तर विसाव्या शतकांतही तो वापरला जात होता.

हा उपाय गुणकारी होता, यांत शंका नाहीं. परंतु कीड मेली तरी विष कागदांतच राहतें. त्याचा कांहीं अंश हळूहळू धातुरूप पाऱ्यांत पालटतो, व त्याची वाफ बंद कपाटांत सांचते. कागदावर पडलेले करडे वा काळसर डाग हें त्याचें एक चिन्ह असूं शकतें. मात्र डाग नसणें म्हणजे विष नसणें नव्हे.

पोथींतील तांबडा हिंगूळही पाऱ्याचाच संयोग खरा. पण तो पाण्यांत जवळजवळ अविद्राव्य असल्यानें त्याचें भय तेवढें नाहीं. तथापि तो खरवडूं नये किंवा तापवूं नये. तापविल्यास पाऱ्याची वाफ निघते.

सबब, जुन्या बांधणीचें पुस्तक संशयास्पद वाटल्यास हातमोजे घालावे, कपाटास हवा खेळूं द्यावी व रसायनज्ञाकडून तपासणी करवावी. पोथीची पुष्पिका व लेखनकाल जसा सूचींत नोंदवितों, तसाच तिच्यावर झालेला औषधोपचारही नोंदवावा. नाहींतर पुढील अभ्यासकास त्याची वार्ताच राहणार नाहीं.