ओट्यावरची पोळी आणि कुत्र्याचा गुन्हा

मी फौजेतला माणूस म्हणून लोक विचारतात, "साहेब, आमचा कुत्रा ओट्यावरच्या पोळ्या पळवतो. मारून सुधारेल का?" काही घरांत अशा 'चोरा'ला शेवटी रस्त्यावर सोडतात. म्हणून हा इतिहास सांगतो.

१८९८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेली मांजरं पेटीत कोंडली आणि खाणं बाहेर ठेवलं. धडपडीत खिट्टी सरकली की दार उघडायचं. हळूहळू मांजरं ती झटकन सरकवू लागली. ज्या कृतीतून लाभ होतो, ती पक्की होते. पोळी पळवणारा कुत्रा हेच शिकतो.

१९१० मध्ये जर्मनीत पोलिसी कुत्रे शिकवणाऱ्या कोनराड मोस्ट यांचं पुस्तक आलं. त्यांची पद्धत कडक होती, पण कुत्र्याला माणसाची नीती कळत नाही, हे त्यांनी बजावलं. बक्षीस काय, शिक्षा काय, त्या क्षणीच पोचली पाहिजे. तासाभराने मारलं, तर कुत्रा फक्त आपल्याला भितो.

१९५७ मध्ये फर्स्टर आणि स्किनर यांनी दाखवलं, की अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय चिवट करतं. म्हणजे महिन्यातून एकदा पोळी हाती लागली, तरी कुत्रा रोज ओटा हुंगणार.

तेव्हा ओटा कायम मोकळा ठेवा. मुठीत खाऊ धरा. कुत्र्याने नाक मागे घेतलं, की लगेच दुसऱ्या हाताने खाऊ द्या. घरातल्या सगळ्यांनी 'सोड' हा एकच शब्द वापरा. शिस्त आधी माणसांना लागते, मंडळी.