गाडीच्या तोंडावरची जाळी

आजचा विषय तुमच्याच एका प्रश्नातून आला आहे. गाडीचं कंपनीचं ग्रिल काढून त्या जागी घरी केलेली जाळी बसवता येईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. येईल. एका रविवारचं काम आहे. पण आपली मालिका इतिहासाची आहे, त्यामुळे जाळी कापायला घेण्याआधी ती गाडीच्या तोंडावर आली कशी, हे पाहू. हा इतिहास मला माहीत असता, तर माझी एक दुपार वाया गेली नसती.

त्या दुपारपासूनच सुरुवात करतो. मी इंदूरचा. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या गाडीचं प्लास्टिकचं ग्रिल तुटलं, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीला लावतात तसली बारीक जाळी आणली. कापली, काळा रंग मारला, बसवली. गाडी देखणी दिसायला लागली. एप्रिल सुरू होता, माळव्यात गव्हाची काढणी चालली होती. महेश्वरहून परत येताना मानपूरचा घाट चढायला लागलो आणि तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला. एसी बंद केला, गाडी कडेला घेतली. इंजिन गार झाल्यावर समोर वाकून पाहिलं, तर जाळीवर भुश्याचा आणि चिलटांचा थर बसला होता. गाडीचं नाक मीच दाबून धरलं होतं. जाळी सोडवली आणि उरलेला घाट तशाच उघड्या तोंडाने चढलो.

तहानलेली गाडी

सुरुवातीच्या मोटारींना ग्रिल नव्हतं, कारण झाकायला रेडिएटरच नव्हता. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीत इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ व्हायचं आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जायची. साधी युक्ती, पण पाणी सतत घालावं लागे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेन्झची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरहून थोडा जास्त प्रवास. या सफरीची आठवण लोक मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून काढतात. बर्थाबाईंना मात्र तो वाटेत जागोजागी पाणी शोधण्याचा प्रवास वाटला असणार.

यावर पक्का तोडगा काढला विल्हेल्म माइबाख यांनी. एमिल येलिनेक नावाच्या धनाढ्य गिऱ्हाइकाने डाइमलर कंपनीकडे शर्यतीसाठी नवी, दमदार गाडी मागितली होती. त्याच्या मुलीचं नाव मर्सिडिस, आणि तेच नाव गाडीला मिळालं. या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी माइबाखने मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना डाग देऊन जोडलेल्या. नळ्यांतून हवा जायची आणि नळ्यांमधल्या अरुंद फटींतून पाणी फिरायचं. पाणी आधीपेक्षा निम्मं लागायला लागलं. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने बाकीच्यांना मागे टाकलं.

आपल्या गोष्टीसाठी यातली महत्त्वाची बाब ही, की त्या काळी हा रेडिएटर उघडाच असे. त्याच्या कडेला पितळेची चौकट, मध्ये पोळं. तोच गाडीचा चेहरा. सौंदर्य आणि श्वास एकाच जागी होते.

एका दगडाने शिकवलेला धडा

उघडा चेहरा म्हणजे मार खाणारा चेहरा. १९२३ मध्ये फ्रान्सच्या ल मान्स गावाजवळ चोवीस तासांची पहिली शर्यत झाली. रस्ते डांबरी नव्हते. पुढच्या गाडीच्या चाकांतून सुटलेली खडी मागच्या गाडीवर गोफणीतल्या दगडांसारखी येई. जॉन डफ आणि फ्रँक क्लेमंट ही जोडी बेंटलेची ३ लिटरची गाडी चालवत होती. एका दगडाने हेडलाइट फोडला. दुसऱ्याने पेट्रोलच्या टाकीला भोक पाडलं आणि टाकी रिकामी झाली. डफ मैलोन् मैल पळत पिटपर्यंत आला. मग क्लेमंटने एक सायकल मिळवली, पेट्रोलचे डबे घेऊन तो गाडीपर्यंत गेला, भोक बुजवलं आणि गाडी शर्यतीत परत आणली. तोवर इतका वेळ गेला होता, की वेगवान असूनही गाडी संयुक्त चौथी आली.

१९२४ मध्ये हीच जोडी परत आली. या वेळी पुढच्या चाकांना ब्रेक होते, टाकीला संरक्षक आवरण होतं आणि हेडलाइटवर तारेची जाळी होती. शर्यत त्यांनी जिंकली. नुसत्या जाळीने जिंकली असं कोणी म्हणणार नाही. पण गेल्या वर्षी ज्या दगडांनी हरवलं, त्यांचा बंदोबस्त करून ते आले होते. पुढे १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं बेंटले तिथे जिंकली. त्या काळच्या बेंटले गाड्यांचे फोटो पाहा, रेडिएटरसमोर मोठी तारेची जाळी दिसेल. इंग्रजीत तिला ‘स्टोन गार्ड’ म्हणत, म्हणजे दगड अडवणारी. तिची घरं अशी ठेवलेली, की खडी अडेल आणि हवा जाईल. या दोन अटींचा तोल म्हणजेच जाळी.

२००३ मध्ये बेंटलेची कॉन्टिनेंटल जीटी आली, तिच्याही तोंडावर जाळीच होती. आता तिच्यासमोर खडीचा रस्ता नव्हता. होती ती आठवण, आणि त्या आठवणीची ऐट. आज आपण आपल्या हॅचबॅकला काळी जाळी लावतो, तेव्हा नकळत याच ऐटीची नक्कल करतो.

कपाटाच्या मुठींचं ग्रिल

१९३० च्या दशकात मोटारी गोलाकार, वाऱ्याला कापणाऱ्या झाल्या. रेडिएटर पत्र्याच्या आत गेला आणि त्याच्यापुढे वेगळं ग्रिल आलं. चेहरा आणि श्वास यांची इथे फारकत झाली. ग्रिल म्हणजे मुखवटा, आणि मुखवटा बदलता येतो.

हे सगळ्यात आधी मनावर घेतलं ते अमेरिकेतल्या, विशेषतः कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या गाड्या स्वस्त मिळत होत्या आणि वेल्डिंग येणारे हात भरपूर होते. एका गाडीचं ग्रिल दुसरीला, तिसरीचे दात चौथीला, असे प्रयोग चालले. पुढे कोणी ग्रिलच्या मोकळ्या जागेत बाजारातली पत्र्याची जाळी लावली आणि तिच्यावर ओळीने ड्रॉवरच्या चकचकीत मुठी बसवल्या. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या मुठी गाडीच्या तोंडावर! घरच्या घरी ग्रिल करण्याची परंपरा इथून आपल्यापर्यंत येते.

त्यांनी वापरलेली जाळी मोटारींसाठी बनलेलीच नव्हती. पत्र्याला एकाआड एक चिरा द्यायच्या आणि तो ताणायचा, की शंकरपाळ्यासारखी घरं उघडतात. शिकागोच्या जॉन फ्रेंच गोल्डिंग यांनी १८८४ मध्ये याचं पेटंट घेतलं. गिलावा धरून ठेवायला भिंतीत ही जाळी घालत. तिला विणकाम नाही, जोड नाही, त्यामुळे कुठेही कापली तरी तार उसवत नाही. घरी काम करणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं?

आपल्याकडे मुखवटे बदलण्याची इतकी चैन नव्हती. उत्तरपाड्यात बनणाऱ्या अॅम्बॅसडरला १९६३ च्या सुमारास मार्क टू म्हणताना मुख्य फरक तोंडावरच होता: बारीक चौकटींचं ग्रिल. आतली गाडी जवळजवळ तीच. आणि २००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या नॅनोचं इंजिन मागे होतं, म्हणून तिच्या समोर मोठं ग्रिल नव्हतंच. तिला पाहून कित्येकांना चेहरा अपुरा वाटला. मुखवट्याची सवय इतकी खोल गेली आहे.

आता कात्री हातात घ्या

हा इतिहास डोक्यात ठेवून जाळी निवडा. हिशेब सोपा आहे. जाळीच्या एका तारेच्या मध्यापासून पुढच्या तारेच्या मध्यापर्यंत १० मिलिमीटर अंतर आहे आणि तार १ मिलिमीटर जाड आहे, असं धरू. मग मोकळं घर ९ बाय ९, म्हणजे शंभरातली ८१ टक्के जागा हवेला मोकळी. तेच अंतर ३ मिलिमीटर असेल आणि तार तेवढीच जाड असेल, तर घर उरतं २ बाय २, म्हणजे नवातले चार, जेमतेम ४४ टक्के. लांबून दोन्ही जाळ्या सारख्याच काळ्या दिसतात. इंजिनाला मात्र फरक कळतो. शिवाय बारीक घरं भुसा, किडे, चिखल यांनी लवकर बुजतात. मी नेमका तिथेच फसलो.

अॅल्युमिनियमची ताणलेली जाळी घ्या. साधी लोखंडी जाळी पावसाळ्यात गंजते. आधी जाड पुठ्ठ्याचा साचा कापा, गाडीवर लावून पाहा, मगच जाळीवर आखा. वळवायला चारी बाजूंनी बोटभर जास्त ठेवा. ही जाळी एका बाजूने पाहिली तर आरपार दिसते, दुसरीकडून तिरप्या पट्ट्यांमुळे झाकल्यासारखी. म्हणून डावा-उजवा भाग एकाच दिशेने कापा, नाहीतर बसवल्यावर दोन्ही बाजूंचे रंग वेगळे वाटतील. हातमोजे घाला. पत्रा कापायच्या कात्रीने कापा आणि कडा कानशीने घासा.

रंगाची घाई करू नका. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्याच्यावर नुसता रंग टिकत नाही. पॉलिश पेपरने घासा, थिनरने पुसा, अॅल्युमिनियमवर चालणारा एच प्रायमर मारा आणि मग काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. समोरून एकदा फवारून भागत नाही. प्रत्येक पट्टीला बाजू असतात, म्हणून चारी दिशांनी तिरकं फवारा, मागूनही. जाड हात दिला तर रंग कोपऱ्यांत साचतो आणि घरं आणखी लहान होतात.

बसवताना मूळ ग्रिलच्या चौकटीत मागून जाळी घाला आणि स्क्रू, वॉशर किंवा केबल टायने आवळा. समुद्रकाठी राहत असाल तर अॅल्युमिनियम आणि स्टीलच्या स्क्रूमध्ये नायलॉनचा वॉशर घाला, कारण खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू चिकटून असले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. जाळी आणि मागचा एसीचा कंडेन्सर यांत किमान दोन बोटं अंतर ठेवा, नाहीतर हादऱ्यांनी त्याचे नाजूक पाते घासतील. मग भर दुपारी एसी लावून गाडी उभ्याने चालू ठेवा आणि तापमानाकडे लक्ष द्या. घाट त्यानंतर.

दोन इशारे. नव्या गाड्यांत पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा रडार बऱ्याचदा ग्रिल किंवा बोधचिन्हामागे असतो. त्याच्या लहरींची लांबी साधारण ४ मिलिमीटर, त्यामुळे धातूची जाळी त्याला आंधळा करू शकते. तुमच्या गाडीत तो असेल, तर हा उद्योग करू नका. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मनासारखे बदल करण्यावर बंधन घालतं. बंपरपुढे बसवायच्या लोखंडी गार्डवर २०१७ मध्ये केंद्राने कारवाई करायला सांगितलं, ते याच आधारावर. जाळी मूळ चौकटीच्या आत ठेवा, नंबर प्लेट झाकू नका, आणि शंका असेल तर आरटीओत विचारून घ्या.

माझ्या गाडीला आता मोठ्या घरांची जाळी आहे. जवळून पाहिलं की मागचा रेडिएटर दिसतो. आधी मला तो दोष वाटायचा. पण माइबाखच्या गाडीत लोक जे कौतुकाने पाहत होते, ते हेच होतं. जाळी निवडताना आरशासमोर उभे राहू नका, घाटात उभे राहा. विजेच्या गाड्यांना एवढ्या हवेची गरज नसते, त्यांची तोंडं हळूहळू बंद होत चालली आहेत. म्हणजे ही कला आपल्याच पिढीत संपेल कदाचित. करायची असेल तर येत्या रविवारी करा, आणि कशी झाली ते मला कळवा.